फ्लॅट भाड्याने दिला आणि ट्रॅफिकिंगच्या (मानवी तस्करीच्या) केसमध्ये नाव आलं तर

कळंगुट-बागा साईडला रूम भाड्याने देणाऱ्यांनी हे वाचाच. रेड पडली आणि पोलिसांनी नेलं तर पहिलं काम, अटकेचं कारण लेखी मागा आणि वकील येईपर्यंत उगाच स्टेटमेंट देऊ नका, 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं. वकील परवडत नसेल तर 15100 वर फोन करा, सरकारी मदत मिळते.

आता मेन गोष्ट. जुलै 2024 पासून बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता, आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 143 लागतं, कमीत कमी 7 वर्षं, अल्पवयीन असेल तर 10 ते जन्मठेप, आणि सोबत 1956 चा पिटा, म्हणजे वेश्याव्यवसायासंबंधीचा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा. "ती मुलगी स्वतःच्या मर्जीने आली होती" हा बचाव 143 मध्ये चालत नाही, लोक इथेच फसतात. घरमालकाचा खरा मुद्दा म्हणजे माहिती होती की नव्हती, म्हणून अ‍ॅग्रीमेंट, टेनंट व्हेरिफिकेशनची पोच, भाड्याचे बँक मेसेज, सगळं जपून ठेवा. पिटाखाली झडतीला परिसरातले दोन पंच लागतात, त्यात एक बाई हवी, पंचनाम्यात ते बघायला वकिलाला सांगा. चार्जशीट कलमाप्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत नाही आली तर जामिनाचा हक्क मिळतो, पण अर्ज आपणच करायचा. आणि रेडमध्ये सापडलेल्या मुलीला फोन करून समजवायला अजिबात जाऊ नका बाबांनो, जामीन तिथेच जातो.