घरची जिंजर बिअर, कोल्हापुरी गुळावर

घरी बिअर बनवायची हौस पुष्कळांना असते. पण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, आणि ‘घरापुरतीच केली’ म्हणून सुटका होत नाही. आंबवण्याचा नाद असेल तर जिंजर बिअरपासून सुरुवात करा. नावात बिअर असली तरी हा आल्याचा फसफसता सोडा. लागतं काय, तर आलं, गूळ, लिंबू आणि पाणी. त्यातला गूळ तर आपल्या दारातलाच.

मात्र त्या गुळापाशीच पहिली चूक होते. बाजारात गुळाचा पिवळाधमक रवा, म्हणजे ढेप, बघून हात तिकडं जातो. गुळाला असा उजळ रंग यावा म्हणून बऱ्याच गुऱ्हाळांत रसात हायड्रॉस पावडर टाकतात. तिच्यातून गुळात गंधक उतरतं आणि यीस्टला नेमकं तेच नको असतं. विरजण, म्हणजे सोडा आंबवायला आधी लावलेलं आलं-गुळाचं पाणी, चार दिवस ढिम्म बसलं की लोक आल्याला दोष देतात, पण खोट गुळात असते. तपकिरी, काळपट, बिनरसायनी गूळ घ्या. रसाची मळी काढायला नुसती भेंडी वापरली असेल तर चालतं, तिचा काही त्रास नाही. घेताना खडा तोंडात टाकून बघा. क्षारपड रानातल्या उसाचा गूळ खारट लागतो, आणि तो खारटपणा सोड्यात जास्तच कळतो. काकवीही चालते, पण ती पातळ असल्यामुळं वजनाचा अंदाज चुकतो. पहिल्यांदा गूळच बरा.

आलं ताजं, सालासकट हवं. आपल्याला लागणारं यीस्ट सालीवरच असतं, म्हणून माती जाईल इतपतच धुवा, सोलू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते उकळून पूर्ण गार करा.

आता विरजण. एक लिटरच्या काचेच्या बरणीत अर्धा लिटर पाणी, २५ ग्रॅम किसलेलं आलं आणि २५ ग्रॅम चिरलेला गूळ घालून ढवळा. तोंडाला पातळ फडकं बांधा, झाकण घट्ट लावू नका. रोज १५ ग्रॅम आलं आणि १५ ग्रॅम गूळ घालत राहा, दिवसातून दोनदा ढवळा. एप्रिल-मेच्या उकाड्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुडबुडे दिसतात. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात आठवडा लागतो, तेव्हा बरणी ओट्यावर न ठेवता फ्रिजच्या माथ्यावर, जरा उबेला ठेवा. ढवळल्यावर सूं आवाज येऊन फेस वर चढला आणि वास आंबूस पण ताजा आला, की विरजण तयार.

सोड्यासाठी पावणेदोन लिटर पाण्यात १६० ग्रॅम गूळ आणि ६० ग्रॅम ठेचलेलं आलं घालून दहा-बारा मिनिटं मंद उकळा. वर मळी येईल ती काढून टाका. मग गाळून गार करा. पातेल्याला बाहेरून हात लावला तर कोमटही लागता कामा नये. गडबडीत गरम पाण्यात विरजण ओतलं तर यीस्ट मेलंच समजा. गार झाल्यावर दोन लिंबांचा रस आणि गाळून घेतलेलं १२० मिली विरजण मिसळा. लिंबू नुसतं चवीला नाही. पाणी आंबट असलं की नको ते जंतू वाढत नाहीत.

बाटल्या मात्र सोड्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्याच घ्या, प्लास्टिकच्या, एक लिटरच्या दोन. बिसलेरीची पातळ बाटली दाब सोसत नाही. काचेची बाटली तर सुरुवातीला अजिबात नको, आणि का ते आकड्यांतच बघा. एक ग्रॅम साखर आंबली की साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चांगल्या फसफसत्या सोड्यात लिटरला सात-आठ ग्रॅम वायू असतो. आपल्या मिश्रणातली सगळी साखर आंबली तर लिटरला तीस ग्रॅमच्या वर वायू होईल. एवढ्यानं काच फुटते, आणि तुकडे स्वयंपाकघरभर उडतात. म्हणजे साखर अर्धीसुद्धा आंबू द्यायची नाही. सगळं कौशल्य वेळेवर थांबवण्यात आहे.

ते ओळखायचं बोटांनी. बाटलीत वर चार-पाच सेंटीमीटर जागा सोडा, झाकण घट्ट लावा, बाटली सावलीत ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ दाबून बघा. भरताना ती मऊ असते, अंगठा आत जातो. न उघडलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीइतकी टणक झाली की लगेच फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात याला एक-दीड दिवस पुरतो, थंडीत तीन-चार. ‘अजून एक रात्र राहू दे’ हा मोह टाळा. बूड फुगलेलं दिसलं तर बाटली हलवू नका. आधी गार करा, मग मोरीत धरून झाकण हळूहळू सैल करा.

फ्रिजमध्ये यीस्ट मरत नाही, फक्त मंदावतं. आठवड्याच्या आत संपवा, आणि मधे एकदा दाब काढा. उघडण्याआधी निदान बारा तास गार होऊ द्या, नाहीतर वायू पाण्यात नीट मुरत नाही आणि अर्धी बाटली फेसातच जाते. आंबताना थोडं अल्कोहोलही होतंच. वेळेवर थांबवलं तर ते साधारण एक टक्क्याच्या आत राहतं, पण शून्य नसतं. लहान मुलांना, गरोदर बाईला आणि दारू पूर्ण वर्ज्य असलेल्यांना देऊ नका.

विरजणावर पांढरी पातळ साय आली तर ती काढून टाका, पुढं काम चालू. हिरवी, काळी, केसाळ बुरशी दिसली तर मात्र बरणी रिकामी करा; वरवर काढून भागत नाही. तिसरा प्रकार ऊसवाल्यांच्या ओळखीचा: विरजण तार धरतं, चमच्याला शेंबडासारखं लोंबतं. तोडून पडलेल्या उसात जे जंतू साखरेचा चिकट डेक्स्ट्रान करतात, तेच इथं माजलेले असतात. घातक नाही, पण सोडा प्यायला बरा लागत नाही. ते ओतून द्या, बरणी कडक पाण्यानं धुवा आणि नवीन विरजण लावताना पहिल्याच दिवशी अर्धं लिंबू पिळा.

सोड्याला जेवढं विरजण वापरलं तेवढं पाणी बरणीत पुन्हा भरा आणि चमचाभर आलं-गूळ घाला. लगेच दुसरा घाणा करायचा नसेल तर झाकण सैल ठेवून बरणी फ्रिजमध्ये ढकला. आठवड्यातून एकदा खायला घातलं की पुरे. पुढच्या वेळी मात्र आदल्या दिवशी बाहेर काढून, बुडबुडे दिसल्यावरच वापरा.