कमांड लाइनवरून मसावि काढणारा सी प्रोग्राम

दोन संख्यांचा मसावि काढणारा प्रोग्राम सी भाषेत लिहायचा झाल्यास त्यातले गणित चार-पाच ओळींत आटोपते. युक्लिडच्या रीतीने पहिल्या संख्येला दुसरीने भागावे, बाकी उरल्यास दुसरी संख्या आणि ती बाकी घेऊन पुन्हा भागावे. बाकी शून्य आली की शेवटचा भाजक हाच मसावि. ७८० आणि ५४६ यांसाठी बाकी अनुक्रमे २३४, ७८ आणि ० येते, म्हणून उत्तर ७८. खरे कौशल्य लागते ते वापरणाऱ्याने टाइप केलेल्या मजकुराची संख्या करताना, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ तिथेच द्यावा.

प्रोग्रामचे नावही आर्ग्युमेंटांत, म्हणजे कमांड लाइनवर टाइप केलेल्या शब्दांत, मोजले जात असल्यामुळे ‘आर्गसी’ची (argc, या शब्दांची संख्या) किंमत ३ आहे ना, हे आधी तपासावे. संख्या वाचण्यासाठी ‘एटीओआय’ (atoi) हे मजकुराची संख्या करणारे फंक्शन वापरू नये; ‘12क’ दिल्यास ते मुकाट्याने 12 धरते आणि ‘कखग’ दिल्यास ० देते, त्यामुळे ते शून्य खरोखर टाइप केलेले होते की नाही हे कळत नाही. त्याऐवजी तेच काम करणारे पण चूक कळवणारे ‘एसटीआरटीओएलएल’ (strtoll) घ्यावे. त्याला पाया १० सांगावा, बोलावण्यापूर्वी ‘एररनो’ (errno, चुकीचा क्रमांक ठेवणारा व्हेरिएबल) शून्य करावा आणि नंतर तीन गोष्टी पाहाव्यात: वाचन कुठे थांबले ते दाखवणारा पॉइंटर सुरुवातीपासून पुढे सरकला का, तो मजकुराच्या अगदी अखेरीस पोहोचला का, आणि ‘एररनो’मध्ये ‘ईरेंज’ (ERANGE, संख्या मर्यादेबाहेर गेल्याची खूण) आले का. देवनागरी अंक टाइप केले, तर मूळच्या ‘सी’ लोकेलमध्ये (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये) हे फंक्शन ते अंक मानत नाही आणि पॉइंटर जागचा हलत नाही. पहिल्या तपासणीतच ते सापडते.

ऋण संख्या सरळ नाकाराव्यात. केवळ चिन्ह बदलून भागत नाही, कारण ६४ बिटांतील सर्वांत लहान ऋण संख्येची धन जोडी त्याच प्रकारात मावत नाही.

लसाविही द्यायचा असेल, तर आधी मसाविने भागून मग गुणावे, आणि गुणाकार मर्यादेबाहेर जाणार नाही याची खात्री गुणण्यापूर्वीच करावी. दोन्ही संख्या शून्य असल्यास मसावि ० येतो व हा शून्याने भागाकार प्रोग्राम बंद पाडू शकतो, म्हणून ती स्थिती वेगळी हाताळावी.

उत्तर ‘एसटीडीआउट’वर (stdout, नेहमीचे आउटपुट), चूक सांगणारा संदेश ‘एसटीडीईआरआर’वर (stderr, चुकांसाठीचे वेगळे आउटपुट) छापावा आणि चूक झाल्यास शून्येतर एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना दिलेला क्रमांक) परत करावा, म्हणजे तो चालवणाऱ्या शेल स्क्रिप्टला निकालावर विसंबता येते.