सोरायसिसचा संधिवात: दुखणं सुजेचं की ताणाचं, हे आधी ओळखा

सोरायसिस म्हणजे कातडीवर खवल्यांचे चट्टे उठवणारा आजार. त्याच्यासोबत येणारा संधिवात झालेल्या माणसाला दुखणं दोन वाटांनी येतं. एक म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्यामुळे येणारी सूज. दुसरी म्हणजे सूज ओसरून गेली तरी मागे राहिलेल्या कमजोर सांध्यावर आणि ढिल्या पडलेल्या स्नायूंवर येणारा ताण. सुजेला औषध लागतं आणि त्या सांध्यापुरती थोडी विश्रांती. ताणाला व्यायाम लागतो आणि काम करायची पद्धत बदलावी लागते. तापलेला, सुजलेला गुडघा 'मोकळा करायला' बैठका मारणं आणि नुसत्या आखडलेल्या पाठीला महिनाभर अंथरुणात ठेवणं, या दोन्ही गोष्टी सर्रास होतात आणि दोन्हींनी नुकसान होतं.

ओळखायचं कसं? सकाळी उठल्यावर घड्याळ बघा. आखडलेले सांधे मोकळे व्हायला अर्धा तास किंवा जास्त वेळ लागत असेल, हिंडल्याफिरल्यावर बरं वाटत असेल, दुपारी तासभर बसून उठताना पुन्हा धरल्यासारखं होत असेल, तर सूज चालू आहे. सकाळ बरी जाते, दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी ठणका लागतो आणि टेकल्यावर थांबतो, असं असेल तर बहुतेक ताण. एका वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: सकाळी किती मिनिटं आखडलेलं होतं, कोणते सांधे दिसायला सुजलेले होते, कातडीवर नवा चट्टा आला का. डॉक्टरांना 'खूप दुखतं' सांगण्यापेक्षा ही वही दहापट उपयोगी पडते.

या आजाराच्या काही खुणा रुमॅटॉइड या नेहमी आढळणाऱ्या संधिवातात सहसा दिसत नाहीत. फक्त पेर न सुजता अख्खं बोट मुळापासून टोकापर्यंत टरारून सुजतं, हाताचं किंवा पायाचं. नखाजवळचा शेवटचा सांधा धरला जातो. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात किंवा नख खालून सुटत जातं. टाचेमागची शीर किंवा तळव्याचा टाचेजवळचा भाग दुखतो, कारण स्नायूची दोरी हाडाला जिथे चिकटते तिथेच ही सूज बसते. काहींना पहाटे कंबरदुखीने जाग येते. बहुतेकांत कातडी आधी आणि सांधे काही वर्षांनी, बऱ्याचदा सात ते दहा वर्षांनी, त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणी जोडत नाही. कातडीचा चट्टा लहान असला किंवा फक्त टाळूवर, कानामागे, बेंबीत, नितंबांच्या खाचेत असला तर लोक त्याला कोंडा किंवा घामोळं समजतात. असे चट्टे तपासताना संकोच न करता दाखवा, निदान त्यावरच अडतं.

रक्ताच्या तपासणीवर फार विसंबू नका. रुमॅटॉइड फॅक्टर ही रुमॅटॉइड संधिवातासाठीची तपासणी इथे बहुधा निगेटिव्ह येते, म्हणून 'वात नाही' असा निष्कर्ष काढला जातो. ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या तपासण्या बऱ्याच रुग्णांत सूज असूनही नॉर्मल असतात. उलट सोरायसिसमध्ये यूरिक ॲसिड थोडं वाढलेलं सापडू शकतं, मग पायाचा अंगठा सुजला की गाऊट (यूरिक ॲसिड सांध्यात साचून होणारा वात) म्हणून गोळ्या सुरू होतात. सुरुवातीचा एक्स-रेही साफ असतो. सांधे तपासणारा संधिवाततज्ज्ञ लवकर गाठावा. सहा महिन्यांच्या उशिरानेसुद्धा हाडाची झीज वाढल्याचं आढळलं आहे, आणि झिजलेलं हाड भरून येत नाही.

औषधं, आणि कुठे चुकतं

डायक्लोफिनॅक, नॅप्रॉक्सेन, एटोरिकॉक्सिब या वेदनाशामक गोळ्या आखडलेपण कमी करतात, सांध्याची झीज थांबवत नाहीत. जेवणानंतर घ्या, एका वेळी एकच घ्या. दुकानातून आणलेली दुसरी 'अंगदुखीची' गोळी बऱ्याचदा त्याच वर्गातली असते. रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास किंवा अल्सर असेल तर आधी विचारा.

सांधे वाचवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी पहिली निवड मेथोट्रेक्सेट असते, आणि सगळ्यात घातक गोंधळही तिथेच होतो. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. बरोबर फॉलिक ॲसिड दिलेलं असतं, दोन्ही गोळ्या बऱ्याचदा पिवळ्याच असतात. फॉलिक ॲसिड आठवड्यातून एकदा आणि मेथोट्रेक्सेट रोज, अशी अदलाबदल झाली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कोसळतात, जीवावर बेतू शकतं. म्हणून वार ठरवा, समजा रविवार, आणि पाकिटावर जाड मार्करने 'फक्त रविवारी' लिहा. घरात गोळ्या दुसरं कुणी काढून देत असेल तर त्यालाही सांगून ठेवा. फॉलिक ॲसिड कोणत्या वारी ते डॉक्टर सांगतील. बरेच जण मेथोट्रेक्सेटचा दिवस वगळून देतात. गोळीचा दिवस चुकला तर पुढच्या आठवड्यात दुप्पट घेऊ नका.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तेवढ्यात 'लागू पडत नाही' म्हणून सोडू नका. सुरुवातीला साधारण महिन्याने, पुढे दोन-तीन महिन्यांनी हिमोग्राम, यकृत आणि क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाची) तपासणी चुकवू नका. दारू शक्यतो बंदच. लघवीच्या किंवा घशाच्या संसर्गासाठी कुणी को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर 'मी मेथोट्रेक्सेट घेतो' हे लगेच सांगा. दोन्ही एकत्र आल्यावर अस्थिमज्जा, म्हणजे रक्तपेशी बनवणारा हाडातला गर, दबू शकते. मूल हवं असेल तर कित्येक महिने आधी डॉक्टरांशी बोला, गरोदरपणात हे औषध चालत नाही.

तोंडावाटे स्टेरॉइड हा इथला फसवा मित्र. दोन दिवसांत माणूस उठून चालायला लागतो, पण बंद करताना सोरायसिस उसळू शकतो, कधी पुवाच्या फोडांसह अंगभर. गावोगावी मिळणाऱ्या, नाव नसलेल्या 'वाताच्या पुड्यां'मध्ये स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडतं. ज्या पुडीने एका रात्रीत गुण येतो, तिच्यावर संशय घ्यावा. आधीच महिनोन्‌महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. एकाच सुजलेल्या सांध्यात तज्ज्ञाने दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन ही वेगळी गोष्ट, ते चालतं.

गोळ्यांनी भागलं नाही तर ॲडालिमुमॅब किंवा सेकुकिनुमॅबसारखी बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्तीतला सूज वाढवणारा नेमका दुवा रोखणारी, इंजेक्शनं येतात. आधी क्षयरोगाची चाचणी, छातीचा एक्स-रे, हेपटायटिस बी आणि सी तपासून घेतात. आपल्याकडे सुप्त (लक्षणं न दाखवता अंगात दडलेला) क्षय सगळीकडे आहे, तेव्हा ही पायरी ओलांडायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सियसला, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. दारात नको, फ्रीझरमध्ये अजिबात नको, गोठलेलं फेकावंच लागतं. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवा, म्हणजे कमी झोंबतं. मांडी किंवा पोट, दर वेळी जागा बदलून, चट्ट्यावर कधीच नाही. ताप असेल किंवा अँटिबायोटिक चालू असेल तर डोस पुढे ढकलायचा का, हे फोन करून विचारा.

काय भडकवतं

घशाचा संसर्ग, मोठं आजारपण, जागरणं आणि मनस्ताप यांनंतर दोन-तीन आठवड्यांत उसळी येणं नेहमीचं. धूम्रपानाने औषधांचा गुणही कमी येतो. काही औषधं कातडी भडकवू शकतात: लिथियम, प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा ब्लॉकर, मलेरियासाठीची क्लोरोक्विन. रुमॅटॉइड समजून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू झालं असेल तर सोरायसिस असल्याची आठवण करून द्या. पण हृदयाच्या किंवा मनाच्या आजाराची गोळी स्वतःहून बंद करू नका.

कातडीला जखम झाली, खरचटलं, की तिथेच नवा चट्टा उगवू शकतो. म्हणून वज्रीने टाचा घासणं, खपल्या नखाने उचकटणं, घट्ट इलास्टिकचे कपडे हे सगळं टाळा. नखं आखूड ठेवा, पण नखाखालचा मळ टोकदार वस्तूने कोरू नका, सुटलेलं नख आणखी वर जातं. आंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांत. अंग ओलसर असतानाच व्हॅसलिन किंवा साधं खोबरेल लावा. सांध्यासाठी कढत पाणी बरं वाटतं, पण ते कातडी कोरडी करतं, तेव्हा कढत पाण्याचा शेक फक्त हातापायांपुरता ठेवा.

वजन हा भाग जरा थांबून वाचण्यासारखा आहे. चरबी स्वतःच सूज वाढवणारी रसायनं सोडते, शिवाय गुडघ्या-टाचांवर भार. सुरुवातीच्या वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे ८० किलोच्या माणसाने ४ ते ८ किलो घटवले, तर औषधांना प्रतिसाद सुधारतो. पथ्यापैकी सगळ्यात जास्त आधार याच गोष्टीला आहे.

बाकी पथ्यांबद्दल घरोघरी ठाम मतं असतात. आंबट, दही, वांगं, वातूळ डाळी बंद केल्याने हा आजार आटोक्यात येतो याला आधार नाही. मासे-दूध एकत्र खाल्ल्याने सोरायसिस होतो हाही समजच. एखाद्या पदार्थाने तुम्हाला दर वेळी त्रास होत असेल तर तो महिनाभर सोडा, पुन्हा खाऊन बघा, वहीत लिहा. एकदम दहा पदार्थ सोडले तर काहीच कळत नाही आणि प्रथिनं मात्र कमी पडतात. बांगडा, तारली, पेडवे आठवड्यातून दोनदा खायला हरकत नाही, तळून मात्र नको. ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) सोडणं ते न सोसणारा सीलिॲक आजार असेल तरच कामाचं. या आजारात मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो, म्हणून साखर, मैदा, तळण कमी. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा तपासा.

हात, पाय आणि घरकाम

बोटांच्या लहान सांध्यांचं काम मोठ्या सांध्यांकडे ढकला. भाजीची पिशवी बोटांत अडकवण्याऐवजी कोपरावर टाका. कपडे पिळू नका. तारेवर निथळत ठेवा किंवा नळाभोवती गुंडाळून ओढा. बाटलीचं झाकण रबरी हातमोजा घालून, तळहाताच्या जोराने फिरवा. सुरीच्या, कलथ्याच्या मुठीला सायकलच्या हँडलचं जाड रबर चढवता येतं. खोवणीवर नारळ खोवताना मनगट वळतं आणि जोरही लागतो, सुजेच्या दिवसांत ते काम दुसऱ्याला द्या. कणीक आधी पाणी घालून वीस मिनिटं मुरू द्या, मळायला निम्मा जोर पुरतो.

घरातल्या फरशीवर अनवाणी चालणं टाचेला सोसत नाही. मऊ तळव्याची चप्पल घरातही घाला, चपलेत सिलिकॉनचा टाचेचा कप बसवा. पोटरीचा ताण असा द्या: भिंतीला हात टेकवून उभे राहा, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ, ३० सेकंद थांबा, दोन्ही पायांना तीन-तीनदा. बोटांसाठी सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून सावकाश मूठ मिटा-उघडा, दहा वेळा. चालणं, पोहणं, सायकल यांपैकी काहीतरी मिळून आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत हळूहळू न्या. व्यायामानंतरचं दुखणं दोन तासांपेक्षा जास्त टिकलं तर दुसऱ्या दिवशी प्रमाण निम्मं करा, बंद करू नका. मनगट सुजलेलं असताना सूर्यनमस्कार नकोत, गुडघा सुजलेला असताना वज्रासन आणि मांडी नको.

सुजलेल्या, गरम लागणाऱ्या सांध्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं. आखडलेल्या पण थंड सांध्याला शेक. जोरदार मालिश सुजलेल्या टाचेला किंवा बोटाला चालत नाही. तेल हलक्या हाताने लावा, रगडू नका.

डोळा लाल झाला, दुखतो, उजेड सहन होत नाही, तर थेंब आणायला दुकानात जाऊ नका. डोळ्याच्या आतली सूज असू शकते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि सोरायसिसचा संधिवात आहे असं सांगा. एकच सांधा अचानक लालबुंद होऊन थंडी-ताप आला तरी थांबू नका, सांध्यात पू झालेला असू शकतो, विशेषतः बायोलॉजिक चालू असताना.

बरं वाटायला लागल्यावर औषध हळूच सोडून देणारे पुष्कळ, आणि त्यातल्या अनेकांची सूज काही महिन्यांत परतते. डोस कमी करायचा असेल तर निदान सहा महिने वहीत सुजेची नोंद नसावी, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने एका वेळी एकच औषध, टप्प्याटप्प्याने. सकाळची आखडलेपणाची मिनिटं पुन्हा वाढताना दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवून या.