खरी उपासना करायची कशी?
रविवारी चर्चला गेलो, दोन गाणी म्हटली, दानपेटीत नोट टाकली की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. आधी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय (योहान 4) वाचा. शोमरोनी बाई (शोमरोन प्रांतातली, जिथल्या लोकांशी यहुदी संबंध ठेवत नसत) विहिरीवर विषय काढते, उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमात, आणि येशू जागेचा मुद्दाच बाजूला सारतो, म्हणतो उपासना आत्म्याने व खरेपणाने करा. मग सुरुवात कुठून? मत्तय 5:23-24 मध्ये येशू सांगतो, भावाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे हे आठवलं तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी समेट करून ये, म्हणजे चर्चला निघायच्या आधी तो टाळलेला फोन करा, हेच सगळ्यात अवघड बरं का, मला अजून नीट जमत नाही. प्रार्थनेत मागण्यांची यादी नंतर, आधी उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार. आणि चुका कबूल करायला स्तोत्र 51, हे पश्चात्तापाचं स्तोत्र, मोठ्याने वाचून बघा. गाण्यांना गिटार, ढोलकी काहीही चालेल.