इंग्लंडच्या खासगी शाळेत हेडमास्तर व्हायचं असेल तर

मी इंग्लंडमधल्या एका बोर्डिंग शाळेत फिजिक्स शिकवतो, आता डेप्युटी हेड आहे. आपल्याकडून इथे शिकवायला येणारे बरेच जण विचारतात की पुढे हेड व्हायचं तर काय करावं लागतं, म्हणून जे जवळून बघितलंय ते लिहितोय.

आधी शिरकावाचं. खासगी शाळेत शिकवायला क्यूटीएस, म्हणजे इंग्लंडची अधिकृत शिक्षक पात्रता, कायद्याने लागत नाही, पण तरी करून घ्याच, उद्या सरकारी शाळेत जायची वेळ आली तर अडत नाही. 2023 पासून भारतातले गणित, सायन्स आणि भाषांचे शिक्षक अटींत बसत असतील तर त्यासाठी थेट अर्ज करू शकतात.

नंतर डिपार्टमेंट सांभाळायला मिळतं आणि तिथून दोन वाटा फुटतात, एक अभ्यासाची म्हणजे टाइमटेबल, रिझल्ट, डायरेक्टर ऑफ स्टडीज वगैरे, आणि दुसरी हाऊसमास्टरची, म्हणजे बोर्डिंगची पोरं राहतात ते एक वसतिगृह (हाऊस) सांभाळायची. आपली माणसं पहिलीकडेच धावतात कारण शिकवण्यात आपण पक्के असतो. मी मात्र मनापासून सांगेन की हाऊस घ्या. पन्नास-साठ पोरं आणि त्याच इमारतीत तुम्ही बायकोमुलांसकट राहता, रात्री अकराला कुणी तेरा वर्षांचा घरच्या आठवणीने रडत दारात येतो, दुसऱ्या दिवशी रग्बीत एकाचा हात मोडतो, हाँगकाँगहून आईचा फोन येतो की मुलगा नीट बोलत नाही, काय झालंय, आणि हे सगळं निस्तरून सकाळी ए लेव्हलच्या (आपल्या अकरावी-बारावीसारख्या) वर्गावर उभं राहायचंच असतं. मूल म्हणजे नुसते मार्क नाहीत हे तिथे रोज अंगावर येतं, आणि हेडच्या कामाचा गाभा तोच आहे.

हे आजचं नाही. थॉमस आर्नल्ड 1828 ते 1842 रग्बी शाळेचे हेड होते, त्यांनी वरच्या वर्गातल्या मुलांवर जबाबदारी टाकून शाळेची शिस्त बसवली. एडवर्ड थ्रिंग यांनी 1853 पासून अपिंगहॅम शाळेत हाऊस मुद्दाम लहान ठेवली, म्हणजे प्रत्येक पोराकडे लक्ष राहील. त्याच थ्रिंगनी 1869 मध्ये इतर हेडमास्तरांना बोलावलं आणि त्यातून हेडमास्टर्स कॉन्फरन्स उभी राहिली, एचएमसी म्हणतात ती, आजही नावाजलेल्या शाळांचे हेड तिचे मेंबर असतात.

मुलांच्या सुरक्षेचं ट्रेनिंग लवकर घ्या, जमलं तर सेफगार्डिंग लीडची जबाबदारी मागून घ्या. इन्स्पेक्शनला आलेले लोक स्टाफच्या तपासणीचं रजिस्टर आधी उघडतात, तिथे चूक निघाली तर बाकी शाळा कितीही चांगली असो, रिपोर्टला डाग लागतो.

आणि पैसा. बऱ्याच शाळा चॅरिटी म्हणजे धर्मादाय संस्था आहेत, हेडच्या वर बिनपगारी गव्हर्नर्सचं मंडळ आणि हिशोबाला बर्सर. 1 जानेवारी 2025 पासून फीवर 20 टक्के व्हॅट लागलाय, त्याच वर्षी एप्रिलपासून चॅरिटी शाळांची बिझनेस रेट्समधली, म्हणजे इमारतींवरच्या स्थानिक करातली, सवलतही गेली, त्यामुळे आता हेडच्या मुलाखतीत पटसंख्या कशी टिकवणार हे विचारतातच. डेप्युटी असतानाच बर्सरशेजारी बसून बजेट वाचायला शिका, मला तरी याचा फार फायदा झाला.

मुलाखत बहुतेक दोन दिवस चालते, त्यात विद्यार्थ्यांचं पॅनल, स्टाफबरोबर जेवण, गव्हर्नर्ससमोर प्रेझेंटेशन. पोरांच्या पॅनलला हलकं घेऊ नका, ती काय म्हणाली ते गव्हर्नर्स आवर्जून विचारतात.

एक घरगुती गोष्टही सांगतो, राहायचं घर शाळेचं असतं आणि नोकरी सुटली की तेही सुटतं, म्हणून बाहेर स्वतःचं काहीतरी घेऊन ठेवा, मुलांच्या शाळेचा विचारही त्यातच येतो. हेडच्या जागा साधारण वर्षभर आधी भरतात, तेव्हा पुढच्या सप्टेंबरला जायचं मनात असेल तर जाहिराती आत्ताच बघायला लागा.