आर्केड मशीनची ‘काच’ मागून कशी रंगवायची

प्लायवुडचा सांगाडा उभा राहिला, जॉयस्टिक बसली, आत जुना १९ इंची मॉनिटर लागला, गेमही सुरू झाला. आणि तरी समोर उभं राहिलं की कुणीतरी कपाटात कॉम्प्युटर ठेवलाय असंच वाटतं. घरी आर्केड मशीन करणाऱ्या बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. मॉनिटरची करडी प्लास्टिकची पट्टी, तिच्यावरचं कंपनीचं नाव, कडेच्या फटीतून डोकावणाऱ्या वायरी, सगळं दिसत राहतं. नव्वदच्या दशकात कॉइन टाकून ‘मुस्तफा’ खेळलेल्यांना (खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, १९९३ सालचा गेम, पण ते नाव पार्लरमध्ये कुणी घेतल्याचं मला आठवत नाही) काय चुकतंय ते लगेच कळतं. चित्राभोवती काळं हवं. नुसतं काळं, बाकी काही नाही.

त्यासाठी मशीनच्या तोंडावर पूर्ण मापाची पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीट बसवायची आणि मधली खिडकी सोडून बाकीचा भाग मागच्या बाजूने काळा रंगवायचा. समोर गुळगुळीत चकाकी राहते, रंगाला कुणाचा हात लागत नाही, आणि काळा रंग आत खोलवर असल्यासारखा दिसतो. समोरून मारलेला रंग कितीही चांगला असला तरी तसा दिसत नाही.

शीट आणि मापं

३ मिलिमीटर जाडी पुरते. २ मिलिमीटरची शीट मधोमध दाबली की लवते, ५ची उगीच महाग. पूर्ण शीट आठ बाय चार फुटांची येते. तुम्हाला लागणार जेमतेम दोन बाय दोन. त्यामुळे नेमप्लेट आणि दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्याकडे जा आणि कटपीस मागा. मागताना ‘कास्ट’ आहे का, हे जरूर विचारा. दुसरा प्रकार ‘एक्स्ट्रुडेड’. तो स्वस्त असतो, पण त्याच्या अंगात ताण भरलेला असतो आणि रंगातलं सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारं, पटकन उडून जाणारं द्रव) लागलं की त्यावर केसासारख्या बारीक चिरा लवकर पडतात.

गणपतीचं मखर ज्यांनी केलंय त्यांना हे उदाहरण पुरेल. २०१८ च्या बंदीआधी थर्माकोलवर स्प्रे मारला की ते कसं खड्डे पडून विरघळायचं? अ‍ॅक्रिलिक तितकं हळवं नाही, पण शत्रू तोच. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यांचा शीटशी संबंध येऊ द्यायचा नाही. पहिल्या वेळी मी खिडकीत आलेला रंगाचा एक थेंब थिनरच्या बोळ्याने पुसला. थेंब गेला, त्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा आल्या, त्या अजून आहेत.

दुकानदार लेझरने कापून देत असेल तर कड सुरेख येते, पण त्या उष्णतेने कडेलाच सगळ्यात जास्त ताण राहतो. कडांपाशी रंगाचा ओला थर साचू देऊ नका. घरी कापायची तर अ‍ॅक्रिलिक कटरने पोलादी पट्टीला लावून आठ-दहा वेळा ओरखडा काढायचा, मग टेबलाच्या कडेवर ठेवून एका झटक्यात मोडायची. संरक्षक पापुद्रा दोन्ही बाजूंनी तसाच ठेवा. पुढच्या बाजूचा तर मशीन पूर्ण होईपर्यंत काढायचाच नाही.

आता खिडकीचं माप. १९ इंची, ५:४ आकाराच्या ऑफिस मॉनिटरचं प्रत्यक्ष चित्र ३७६ बाय ३०१ मिलिमीटर असतं. जुन्या बाजारातून मॉनिटर आणला असेल तर तो सुरू करून, पूर्ण पांढरं चित्र लावून स्वतः मोजा. खिडकी चित्राइतकीच ठेवा. मोठी ठेवलीत तर मॉनिटरची पट्टी दिसते, लहान ठेवलीत तर दोघं खेळताना एकाचा स्कोअर कापला जातो.

पण तेवढ्याने भागत नाही. अ‍ॅक्रिलिक आणि पडदा यांत अंतर राहतं, आणि तिरकं पाहिलं की खिडकी सरकल्यासारखी वाटते. अंतर १० मिलिमीटर आणि नजर ३० अंश तिरकी असेल तर जवळपास ६ मिलिमीटरचा फरक पडतो. डावीकडे उभ्या खेळाडूला उजव्या कडेला मॉनिटरची पट्टी तेवढी दिसणार. म्हणून दोन गोष्टी करा: पडदा शीटच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या, आणि मॉनिटरच्या पट्टीवर काळा चार्टपेपर किंवा काळी चिकटपट्टी लावून टाका. रंगाला हात लावण्याआधी खाकी कागदाची खिडकी कापून मशीनवर चिकटवा आणि डावीकडून, उजवीकडून, उंच माणसाच्या आणि आठ वर्षांच्या पोराच्या उंचीवरून पाहून घ्या. कागद दोनदा कापावा लागला तरी बिघडत नाही.

मास्क: सगळी गोम इथे आहे

काम झाल्यावर लोक रंग बघत नाहीत, खिडकीची कड बघतात. कड सरळ आणि धारदार आली तर मशीन विकतचं वाटतं. म्हणून माझा अर्धा वेळ मास्कवरच, म्हणजे खिडकीवर रंग पडू नये म्हणून लावायच्या झाकणावरच, जातो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

तीन रस्ते आहेत. पहिला फुकटचा: शीटच्या मागच्या बाजूचा कारखान्याचा पापुद्राच मास्क म्हणून वापरायचा. नवं ब्लेड, पोलादी पट्टी, हलका हात. खिडकीची रेषा कापायची, बाहेरचा भाग सोलायचा, मधला ठेवायचा. ब्लेडचा ओरखडा शीटवर उमटतो, पण तो बरोबर रंगाच्या कडेवर येत असल्याने सहसा दिसत नाही. अडचण एवढीच की हा पापुद्रा फार घट्ट चिकटलेला नसतो आणि त्याच्याखाली रंग शिरू शकतो. दुसरा रस्ता मास्किंग टेपचा. सरळ रेषांना तो ठीक आहे, पण साधी खाकी टेप खडबडीत असते आणि तिची कडही तशीच उमटते.

तिसरा रस्ता मला पटलेला. गाड्यांच्या नंबरप्लेट आणि स्टिकर कापून देणाऱ्या रेडियमवाल्याकडे जायचं. त्याच्याकडे प्लॉटर, म्हणजे कॉम्प्युटरवर दिलेल्या मापाने स्टिकर कापणारं यंत्र असतं. तुमच्या मापाचा व्हिनाइलचा चौकोन, कोपरे १० मिलिमीटर गोल करून, तो पाच मिनिटांत कापून देतो. हाताने असे गोल कोपरे कापायला गेलात तर चौथ्या कोपऱ्यापर्यंत धीर सुटतो. व्हिनाइल लावताना मागच्या बाजूचा पापुद्रा सोलून शीटवर साबणाच्या पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडा, म्हणजे चौकोन सरकवून नेमक्या जागी आणता येतो. मग जुन्या एटीएम कार्डाला फडकं गुंडाळून पाणी बाहेर काढा. रात्रभर वाळू द्या. कडेत ओल राहिली तर रंग तिथेच दगा देतो.

रेडियमवाला विचारेल, ‘साहेब, नुसतं काळंच रेडियम लावून देऊ का मागून?’ प्रश्न रास्त आहे. घाई असेल तर लावून घ्या. पण आत अडकलेला प्रत्येक धुळीचा कण समोरून फोडासारखा दिसतो, आणि दोन उन्हाळ्यांनी कोपरे सुटायला लागतात.

चौकटीवर नाव किंवा रंगीत रेघ हवी असेल तर इथे उलटा विचार करावा लागतो. जुन्या वाड्यांत काचेवरची राधाकृष्णाची चित्रं असायची, तीही मागूनच रंगवलेली. चितारी आधी डोळे आणि दागिने काढायचा, मग चेहरा, आणि शेवटी मागचा रंग. इथेही तसंच. खिडकीभोवतीची लाल रेघ आधी, काळा रंग शेवटी. लाल किंवा पिवळ्याच्या मागे काळं देण्यापूर्वी पांढऱ्याचा एक थर द्या, नाहीतर रंग मळका दिसतो. आणि अक्षरं आरशातल्यासारखी उलटी कापून घ्या. मी एकदा हे विसरलो. समोरून पाहिलं तर ‘पुणे’ वेगळ्याच लिपीत लिहिलं होतं.

रंग मारणं

मास्कबाहेरचा भाग भांड्यांच्या सौम्य साबणाच्या पाण्याने आणि मायक्रोफायबर फडक्याने पुसून घ्या. पापुद्रा सोलल्यावर अ‍ॅक्रिलिकवर वीज साठते आणि आसपासची सगळी धूळ तिकडे धाव घेते. किंचित ओलसर फडकं फिरवलं की ती शांत होते. पॉलिशपेपर अजिबात मारू नका, प्राइमरही नको. भिंतीला जे लागतं ते इथे चालत नाही, कारण जो थर पहिला पडेल तोच समोरून कायम दिसणार आहे.

मॅट ब्लॅक स्प्रे घ्या. चकाकी शीट देणारच आहे. कटपीसच्या तुकड्यावर आधी मारून एक दिवस थांबा. चिरा दिसल्या तर डबा बदला.

पुण्यात हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, सकाळी दहाच्या सुमारास करावं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि काळा रंग पांढुरका होतो. एप्रिल-मेच्या दुपारी उलटं: थेंब शीटवर पोचण्याआधीच वाळतात आणि पावडर होऊन पडतात. गच्चीवर मारणार असाल तर मार्च-एप्रिलमध्ये आणखी एक धोका असतो, तो म्हणजे शेजारच्या काकूंच्या कुरडया. त्या उचलल्या गेल्याशिवाय डब्याचं झाकण काढू नका. नाकाला सॉल्व्हंटची वाफ अडवणारा, कार्ट्रिजचा मास्क लावा. कापडी मास्क वासापुढे काहीच करत नाही.

शीट दोन पट्ट्यांवर आडवी ठेवा. डबा आतली गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटं हलवा. २० ते २५ सेंटिमीटरवरून, शीटच्या बाहेरून सुरुवात करून पलीकडे बाहेरच हात सोडा, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवा.

पहिल्या थरात खरी परीक्षा आहे. तो फार कोरडा पडला तर रंग शीटला नीट भिडत नाही आणि समोरून काळ्याऐवजी राखाडी, धुरकट दिसतो. नंतर वरून कितीही थर द्या, तो राखाडीपणा जात नाही. फार ओला पडला तर मास्कच्या कडेखाली झिरपतो. म्हणून थर पातळ, पण जवळून, ओलसर पडलेला हवा. आणि खिडकीच्या कडेजवळ फवारा नेहमी मास्ककडून बाहेरच्या दिशेला असू द्या. बाहेरून आत मारलं की रंग कडेखाली ढकलला जातो. पहिल्या थरानंतर शीट कडांनी उचलून समोरून पापुद्र्याआडून पाहा. पापुद्रा खाकी कागदाचा असेल तर कोपऱ्यात बोटभर सोलून पाहा आणि परत चिकटवा.

पुढचे तीन-चार थर सोपे. दोन थरांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग शीटमागे मोबाइलचा टॉर्च धरा. चांदण्या दिसतील तिथे अजून एक थर.

ज्यांच्याकडे गच्ची नाही, त्यांनी पाण्यातले अ‍ॅक्रिलिक रंग फोमच्या छोट्या रोलरने द्यावेत. वास नाही, शीटला धोका नाही. पण पाच-सहा थर लागतात आणि नखाने रंग निघतो, त्यामुळे बसवताना जपावं लागतं.

मास्क काढणं आणि बसवणं

शेवटच्या थरानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, रंग बोटाला लागत नाही पण अजून कडक झालेला नाही, तेव्हा मास्क काढायचा. कोपरा उचला आणि व्हिनाइल स्वतःवरच दुमडत, हळू, मागे ओढा. वर उचलून खेचलं की रंगाचे तुकडे सोबत येतात. उशीर झालाच असेल तर आधी नव्या ब्लेडने कडेवरून एक हलकी रेघ मारा.

कुठे रंग झिरपला असेल तर आइस्क्रीमची काडी तिरकी घासून तिची पटाशी करा आणि त्याने खरवडा. धातू नको, थिनर तर नकोच.

दोन दिवस पूर्ण वाळू द्या. घाईने मॉनिटरला टेकवलात तर रंग त्याला चिकटून निघतो. टेकणाऱ्या जागी फोमची पातळ पट्टी लावा. खाचेत बसवताना शीट घट्ट अडकवू नका: ६० सेंटिमीटरची शीट पुण्याच्या हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, ३० अंशांच्या फरकात, सव्वा मिलिमीटरने वाढते. २ मिलिमीटर जागा सोडा. स्क्रू लावायचे असतील तर भोकं स्क्रूपेक्षा मोठी, खाली लाकडाचा तुकडा ठेवून, ड्रिल हळू चालवून पाडा आणि स्क्रू जेमतेम आवळा. भोकं रंगकामाच्या आधी पाडलेली बरी. माझ्या एका शीटला रंग झाल्यावर शेवटच्या भोकाशी चीर गेली होती.

पुढचा पापुद्रा आता काढा. आणि घरात काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे ज्यांच्या हातात असतो, त्यांना आजच सांगून ठेवा की ही काच नाही.