मांजर चिडलंय, घाबरलंय की दुखतंय?

शेपटी हलली म्हणजे खूश, घुरघुरलं म्हणजे समाधानी, हे ठोकताळे मांजराच्या बाबतीत फसतात. घुरघुर तर वेदनेतही चालते, पिल्लं होतानाही. म्हणून कान, डोळे, शेपटी आणि बसण्याची ठेवण एकत्र बघा आणि आपलं मांजर एरवी कसं असतं त्याच्याशी ताडून पाहा.

आधी कान. उभे आणि पुढे रोखलेले असतील तर त्याचं लक्ष आहे. बाजूला वळून आडवे झाले तर ते अस्वस्थ आहे. डोक्याला चिकटले की हात मागे घ्या. डोळ्यांच्या बाहुल्या अंधारात मोठ्या होतातच, त्यामुळे आधी खोलीतला उजेड बघा. भर उजेडात मोठ्या दिसल्या तर एक तर भीती, नाहीतर खेळाची धुंदी. यातलं कुठलं ते कान सांगतात. शेपटी सरळ वर आणि टोक किंचित वाकलेलं असेल तर ते प्रेमाने भेटायला आलंय. बुडापासून आपटत असेल तर वैतागलंय. केस पिंजारून जाड झाली तर भीती.

‘लाड करताना अचानक चावलं’ ही तक्रार फार ऐकू येते. खरं तर इशारे मिळालेले असतात: पाठीची कातडी थरथरते, शेपटीचं टोक झटके देतं, कान मागे फिरतात, मान झटकन हाताकडे वळते. म्हणून कुरवाळायचं ते असं. त्याच्या नाकाच्या उंचीवर एक बोट धरा आणि थांबा. त्याने हुंगून गाल घासला तरच गाल, हनुवटी, कानांच्या बुडाशी तीनेक सेकंद खाजवा आणि हात काढा. पुन्हा डोकं पुढे आलं तर चालू ठेवा, नाहीतर तिथेच संपवा. ते उताणं पडलं म्हणजे तुमच्यावर विश्वास आहे एवढंच. पोटाला हात लावायची परवानगी त्यात बहुतेकदा नसते.

बुजऱ्या मांजराकडे टक लावून पाहू नका. डोळे अर्धे मिटत सावकाश पापण्या मिटा-उघडा, मग नजर वळवा. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी 2020 मध्ये हे तपासलं: अशा मिचकावण्याला मांजरं तसाच प्रतिसाद देतात आणि माणसाजवळ यायलाही जास्त तयार होतात.

वेदना ओळखणं सगळ्यात अवघड, कारण मांजर ती लपवतं. यासाठी मॉन्ट्रियल विद्यापीठात तयार झालेली, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेली चेहऱ्याची मोजपट्टी घरीही उपयोगी पडते. मांजर जागं आणि शांत असताना, म्हणजे खात, चाटत किंवा ओरडत नसताना, पाच गोष्टी बघा: कान एकमेकांपासून लांब जाऊन बाहेर वळलेत का, डोळे आवळलेत का, तोंडाचा भाग ताणून लांबट झालाय का, मिशा सरळ ताठ झाल्यात का, डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का. प्रत्येकीला 0, 1 किंवा 2 गुण द्या. 10 पैकी 4 किंवा जास्त आले तर डॉक्टरकडे न्या. माणसांची पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराच्या यकृताला तिचं विघटन नीट करता येत नाही, एक गोळीही जीव घेऊ शकते.

शी-शूसाठी ठेवलेल्या ट्रेबाहेर शू केली तर तो सूड नव्हे. आधी आजार तपासा, मग ट्रे. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त हवा, तो रोज साफ व्हायला हवा आणि खाण्याच्या भांड्याजवळ किंवा वॉशिंग मशीनशेजारी नको. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि शू थेंबभर किंवा अजिबात होत नाही, तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा. एक-दोन दिवसांत जीव जातो.

आणखी एक प्रकार फ्लॅटमध्ये दिसतो. खिडकीतून सोसायटीतला परका बोका दिसतो, आपलं मांजर फिस्कारतं आणि जवळच्या माणसावर किंवा दुसऱ्या मांजरावर तुटून पडतं. तेव्हा उचलू नका, ओरडू नका. पडदा ओढा, दिवा मालवा आणि त्याला त्या खोलीत एकटं राहू द्या. शांत व्हायला काही तास लागतात. ते स्वतःहून बाहेर येऊन खायला लागलं की मगच जवळ जा.